पहिल्या भाकरीचा मान

रविवारची दुपार होती. ओतूरच्या स्टँडवर जुन्नरची गाडी अजून लागली नव्हती. संपतरावांनी पेपर तोंडापुढे धरला होता, पण कान मागच्या बाकावरच्या दोन जावांकडे होते.

“पुष्पे, मी आता चर्चमधी यायची न्हाई.”

“का वं अक्का? काय झालं?”

“जत्रंत पहिला नारळ कुणाचा असतो?”

“आपल्या घराचा.”

“मग प्रभुभोजनाची भाकर आधी म्हस्कू मेंढक्याला का? मागल्या येळी मी पुढं बसले, तर पाळकांनी मागनं वाटली, म्हस्कूपासनं. आज मी मागं बसले, तर पुढनं!”

“मुद्दाम न्हाई करत ते.”

“मी सांगितलं की त्यांना, आमच्या घराला मान हाय. तर हसून म्हणतात, बाई, हितं समद्यांनाच हाय.”

“पण तुमाला भाकर मिळाली ना?”

“मिळाली.”

“म्हस्कूपेक्षा कमी मिळाली?”

“न्हाई. तेवढीच.”

“मग झालं तर!”

“अगं, तेच तर म्हणते मी! तेवढीच कशी?”

गाडी लागली. संपतरावांनी पेपराची घडी घातली.

“उठा अक्का. पुढच्या रविवारी येताय का न्हाई, तेवढं सांगा.”

“येते बाई. पण पाळक कुठनं सुरू करणार, ते आधी इचारून ठिव.”