तंबूबाहेरची हौसाबाई आणि चार डोक्यांचं यंत्र

मंडळी, मागच्यांनी जरा पुढं सरका, पुढच्यांनी कुजबुज आवरा. एक विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. वस्तू थोर कधी म्हणायची? तिची किंमत मोठी असते तेव्हा? चार माणसं ती बघून तोंडात बोट घालतात तेव्हा? का, जिच्यासाठी आणली ती बाई सुखानं टेकून बसली, तेव्हा?

माना डोलवू नका. इथं डोलवता आणि दुकानाची पायरी चढलात की विसरता. म्हणून तर आज आख्यान पुराणातलं नाही, आपल्या फलटणचं लावलंय.

फलटणला पिसाळांची टूरिंग टॉकीज होती. पोरांना ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी जत्रेत तंबू लागायचा आणि तंबूत सिनेमा दाखवायचे. पडदा आत, माणसं आत, पण चित्र फेकणारं मशीन बाहेर, ट्रकात. का? तर ते पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. मग कनातीला भोक पाडायचं आणि तेवढ्यातनं उजेड आत सोडायचा. ट्रकात मालक, आणि तिकिटाच्या खिडकीत मालकीण — हौसाबाई पिसाळ. तंबूकडं पाठ करून बसलेली.

आता गंमत बघा. पंगत वाढणारी बाई निदान शेवटी तरी जेवते. हिनं तीस वर्षं गावोगाव सिनेमा दाखवला आणि स्वतः एक बघितला नाही. तिकिटं फाडायची, फुकट्यांना पिटाळायचं, स्टोव्हवर कामगारांचा रस्सा टाकायचा. सिनेमा तिनं कापडातनं ऐकला. संवाद विचारा, घडाघडा म्हणेल. पण नायक काळा का गोरा? ते तिला ठाऊक नाही.

पुढं टॉकीज मोडली, मालक गेले. हौसाबाई ऐंशीला टेकली. औंदा मोतीबिंदू काढला आणि तिला लख्ख दिसायला लागलं. पट्टी सुटली त्या दिवशी तिची सून शैला म्हणाली, "आई, आता घरातच तुमची टॉकीज उभी करते. बसा आणि बघा."

ही शैला साधी बाई नव्हे हो. बाजारपेठेत तिचं स्वतःचं मॅचिंग सेंटर. साडीवर ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. पै-पै करून तिनं एक रक्कम बाजूला काढलेली, आणि सांगून ठेवलं होतं की टॉकीज होईल ती एवढ्यातच. तिचा नवरा बिचारा हो म्हणणाऱ्यातला. खरी अडचण होती दिराची. धनाजी, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आईवर जीव टाकणारा, पण कुठलीही गोष्ट लहान म्हणून करायची नाही.

पाडव्याला तो स्वतःचं कॉम्प्युटरचं यंत्र गाडीत घालून घेऊन आला. "वहिनी, हे लावून बघू. मग अस्संच घेऊ. याचा प्रोसेसर बारा कोअरचा आहे."

प्रोसेसर म्हणजे काय, बायांनो? यंत्राचं डोकं. आणि कोअर म्हणजे त्या डोक्यातली डोकी. रावणाला दहा होती, याला बारा. मग ताप तरी किती होणार? तो ताप उतरवायला आत पंखे.

भिंतीवर पांढरी चादर लावली, तिच्यावर चित्र फेकायला शैलानं आधीच घेतलेला छोटा प्रोजेक्टर जोडला. हौसाबाई चांगलं लुगडं नेसली. तिच्या आवडीचा जुना सिनेमा लागला. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईची गोष्ट होती ती. गाणं झालं, भांडण झालं, आणि मग ती बाई उंबऱ्यात उभी राहून हळू आवाजात नवऱ्याशी बोलते ती जागा आली. नेमका तेव्हाच पंखा सुटला. घर्रर्र. बाईचे ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही.

हौसाबाईनं मान वळवून यंत्राकडं बघितलं. "धनाजी, ट्रक आत का रं आणलास?"

"आई, तो पंखा आहे."

"तुझा बाप अडाणी होता, पण त्यानं ट्रक कधी तंबूत घातला नाही." म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. "बघा तुम्ही. मला आपला ऐकलेलाच बरा होता."

चूल गाठली तिनं. शैला मागं गेली, तर म्हणाली, "पुन्हा बोलवू नको गं मला. उगा आशा लागती."

मंडळी, शैलाच्या काळजात हे वाक्य बसलं. कारण सासूला ती ओळखून होती. एकदा नाही म्हटली की ब्रह्मदेव आला तरी नाही. आता एकच संधी उरली, तीही चुकली तर ही बाई डोळे असून चित्राविना जाणार.

धनाजीचा पुण्याहून फोन. "वहिनी, आणखी मोठं घेऊ. पाण्यानं थंड ठेवायची सोय असते. वरचे पैसे मी घालतो."

"भाऊजी, सिनेमा बघायचाय, साखर कारखाना काढायचा नाही."

"अहो, लहान प्रोसेसर घेतलात तर चित्र अडखळेल. मग आई काय म्हणेल?"

खोटं नव्हतं ते. शैला रात्रभर तळमळली असं मी सांगणार नाही, तिला दुकान उघडायचं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. "मोरपंखी द्या हो." शैला सवयीनं म्हणाली, "साडी आणलीय का? साडीविना रंग देत नाही मी. मोरपंखी सतरा तऱ्हेचं असतं." बोलली आणि तिथंच थबकली. आपण तरी काय करतोय? साडी घरी ठेवून ब्लाउजपीस निवडतोय.

तिनं तो सिनेमा पेन ड्राइव्हवर घेतला, पर्समध्ये टाकला आणि सातारची एसटी धरली.

तिथला कॉम्प्युटरचा दुकानदार इरफान बागवान, पोरगेलासा पण कामातला. "ताई, बजेट सांगा, मी बसवून देतो."

"बजेट सांगते. पण आधी हा सिनेमा लावून दाखवा. तुमच्याकडं जोडलेली यंत्रं असतील त्या प्रत्येकावर."

"असं कोण बघत नाही हो."

"माझ्याकडं बायका पीस दारातल्या उजेडात नेऊन बघतात. मी अडवते का?"

इरफान हसला. सगळ्यांत स्वस्त होतं ते पहिलं लावलं. चित्र दोन पावलं चालायचं, एक पाऊल थांबायचं. त्यानं सांगितलं, "ताई, हा सिनेमा नव्या पद्धतीनं घट्ट घडी घालून भरलाय. ही घडी उलगडायची कला या जुन्या प्रोसेसरच्या अंगात नाही. बळानं ओढतोय, म्हणून दमतोय."

"मग अंगात असलेला दाखवा."

दुसरं लावलं. नवं, चारच कोअर, पण घडी उलगडायची आणि चित्र दाखवायची सोय पोटातच. चित्र चाललं पाण्यासारखं. शैलानं उंबऱ्याची जागा लावायला सांगितली. मग म्हणाली, "तुमचा एसी बंद करा. शटर जरा खाली घ्या." आणि भर दुकानात त्या खोक्याला कान लावून बसली. इरफान बघतोय, रस्त्यानं जाणारे वाकून बघतायत. बघू देत. बाईनं कान काढला नाही. श्वास घेतल्यासारखी बारीक हवा, बस, तेवढीच.

"आता तो बारा डोक्यांचा लावा."

"त्याला चित्राचं कार्ड निराळं लागतं, त्याचे पैसे वेगळे." त्यानं लावला.

शैलानं निरखून बघितलं. "मला दोघांत फरक दिसेना. तुम्हाला दिसतोय?"

"सिनेमात नाही दिसणार, ताई. गेम खेळायचे असतील तर दिसेल."

"आमच्या सासूबाई खेळल्याच तर सुनेशी खेळतात, त्याला यंत्र लागत नाही. चाराचा द्या."

आणि उरलेल्या पैशाचं तिनं काय घेतलं असेल? स्पीकर. चांगले, दणकट, बारीक आवाज नितळ देणारे. आयुष्यभर कानानं सिनेमा बघितलेली बाई बसणार होती ना! डोक्यातले वाचवले आणि कानात घातले. वा गं बाई. मी चौथीतनं शाळा सोडलेली, मला यंत्रातलं कळत नाही, पण मॅचिंग कशाला म्हणतात ते कळतं.

धनाजी रविवारी आला. खोकं बघून म्हणाला, "वहिनी, एवढंसंच? सुरू तरी आहे का हे?" हात लावून बघितला, तर खोकं चालू होतं.

हौसाबाई मात्र येईना. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, नाही आवडलं तर उठून या, पुन्हा म्हणणार नाही."

"आवडलं नाही तर तुलाच वाईट वाटंल."

"वाटू दे की. माझं मी बघते."

आली म्हातारी. सिनेमा लागला, आणि तिनं डोळे मिटून घेतले. पण ओठ हलत होते. पडद्यावरच्या आधी ती संवाद म्हणत होती. सिनेमा तोच आहे का, ते तपासत होती. नायक पुन्हा बोलला तेव्हा तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"हा होय तो? पाडव्याला मी बाईकडंच बघत होते. आवाजावरनं मला उंचापुरा वाटलेला. हा तर आपल्या बँकेतल्या शिपायासारखा दिसतोय."

सगळे हसले. ती उंबऱ्याची जागा आली, गेली, शब्द न् शब्द कळला. आणि सिनेमा शेवटाला आला. पडद्यावर रात्र. रिकामं अंगण. कोण बोलत नाही, वाद्य नाही. नुसती दाराची कडी वाजते, अगदी हलकी. संपला.

हौसाबाई हलेना. "कडी वाजली नं आता?"

"हो, आई."

"म्हणजे ती परत येती?"

"येते की. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"कसं असणार गं? शेवटच्या रिळाला आम्ही खुंट्या उपटायला लागायचो. पहाटेला पुढच्या गावाला जायचं असायचं. घणांचे आवाज, ट्रक सुरू..." पदरानं डोळे टिपले तिनं. "इतकी वर्षं मी समजत होते, ती बाई विहिरीत गेली. कितींदा मनाला लागलं माझ्या. आणि ती घरी आलेली."

धनाजी उठला आणि वहिनीच्या पाया पडला. शैला म्हणाली, "असू दे भाऊजी. आता चहा ठेवा."

असं हे आख्यान, मंडळी. बारा डोक्यांचं वाईट नव्हतं, कुणाच्या तरी घरी ते शोभेल. पण शैलानं दुकानात मोठं कुठलं ते विचारलंच नाही. तिथं घरच्या खुर्चीत बसणारं माणूस तिच्या डोळ्यांपुढं होतं. आणि आपण? शेजारणीच्या फ्रिजला दोन दारं म्हणून आपल्याला तीन. देवळाचा कर्णा एवढा घेतला की आजारी माणसानं गाव सोडावं. वस्तू घरी येते, आणि घरातलं माणूस उठून चुलीकडं जातं.

तेव्हा उद्या पैसे मोजायला हात पिशवीत घालाल, तर आधी मनाशी विचारा, हे आणल्यावर सुखानं कोण बसणार आहे? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. नाव येत नसेल, तर हात तसाच बाहेर काढा आणि घरी या.