गोष्टीतली थांबायची जागा

— नाही नाही मॅडम, गोष्ट झकासच केलीय लेकीनं. आमच्या घरात इंग्रजीच्या नावानं सगळा आनंदीआनंद, आणि ही एवढीशी पोर टॅबवर ससा काढते काय, त्याला आपला आवाज देते काय — मी चाटच पडलो. माझं म्हणणं एवढंच, उद्या पालकांसमोर पडद्यावर लावायच्या आत शेवटचं पान काढून टाका. का म्हणजे — मागून आवाज येतो ना. तुम्ही ऐकलीच नाही अजून? बरं झालं. मग आता त्या भानगडीत पडूच नका, सरळ पुसून टाका.

तुम्हीच शिकवलंय तिला — प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, म्हणजे वर्गातली पोरं ओरडून उत्तर देतील. बरोबर? सशाच्या पिल्लाची आई हरवलीय. 'इज मम्मी अंडर द ट्री?' — थांबली. 'इज मम्मी इन द रूम?' — थांबली. आणि त्या थांबण्यात — शेजारचा टीव्ही हो, दुसरं काय. भिंती पातळ आमच्या. दार वाजल्यासारखं वाटतं, बाई रडल्यासारखी वाटते, मालिका असणार कुठली तरी. आता टीव्हीतल्या बाईनं हिचंच नाव घेतलं, त्याला मी काय करणार? हिची आई तर माहेरी आहे, मागेच सांगितलं ना तुम्हाला. पोरीला बजावलं होतं, आतल्या खोलीपाशी बसून रेकॉर्ड करू नकोस — पण ऐकेल तर शपथ. आईवर गेलीय अगदी. तिलाही एकदा सांगून कळत नाही, कडी लावल्याशिवाय — कसली कडी? काही नाही, माझ्या जिभेला हाड नाही, झालं.

फोन घ्या ना तुमचा, केव्हाचा वाजतोय. घ्या, मी थांबतो. कुणाचा? हिच्या मामाचा? त्याला तुमचा नंबर — तुम्हीच लावला होता? सकाळी? अहो, घरातल्या गोष्टीत त्याला कशाला ओढायचं, त्याला मी सांगितलंय की बहीण आमच्याकडेच आहे, जरा आजारी आहे, फोनवर बोलत नाही — म्हणजे माहेरी होती, मग आली — तुम्ही माझं बोलणं धरून बसू नका. कुठून बोलतोय तो?

आमच्या दारातून?

मॅडम, पोरीला मी बाहेर बाकावर बसवलं होतं. बाक रिकामा आहे.

तुम्ही ती गोष्ट आधीच ऐकली होती.