दीड फेरा

[दोन घरांची सामाईक विहीर, चुलतसासऱ्यांच्या परड्यात. टाकीपाशी राही, हातात पाना. शेजारी चुलतसासरे भागोजी. सासू कमळा आपल्या घरात नळापाशी, फोनवर.]

राही : नळ पुरता सोडलात ना, आई? किती येतंय?

कमळा : तेवढंच. करंगळीएवढं. गो राही, तू परत ये पाहू! दोन वर्षं मी त्या परड्यात पाय ठेवला नाही, नि तू खुशाल तिकडे जाऊन बसलीस. उद्या बोअरची गाडी येत्येय. आपलं पाणी आपण काढू, भावजींचा संबंधच नको.

राही : आणि खाली खारं लागलं तर? प्लंबर दोनदा आला. नळ बदललेन, पाइप बदललेन. पण तुम्ही त्याला विहिरीकडे सोडलंतच नाहीत.

कमळा : सोडायचं कशाला? पाणी कोण चोरतं ते मला ठाऊक आहे.

भागोजी : ऐकतोय हो मी, वहिनी!

कमळा : अगो बाई! तिथेच आहेत?

राही : फोन स्पीकरवर आहे. काका, हा दुसरा कॉक कोणाचा? चिऱ्याखाली, वाळक्या पानांच्या पातेऱ्यात पार गाडला गेलाय.

भागोजी : तुमचाच गो तो. पलीकडचा आमचा. शिमगा झाला की पाणी जपायला आम्ही भाऊ, मी नि दादा, आपापला कॉक आवळायचो. दीड फेरा तेवढा उघडा ठेवायचा. पावसात विहीर भरली की पुन्हा सोडायचा.

राही : हा तर आवळलेलाच आहे.

भागोजी : असं कसं? दादा दरवर्षी... अरे देवा.

राही : काय झालं?

भागोजी : त्या वर्षी शिमग्याला दादाने आवळलान, नि पावसाच्या आधीच तो गेला. माझा मी सोडला. मला वाटलं, तुमचा सागरने सोडला असेल.

राही : सागर मुंबईहून वडिलांच्या दिवसांना आले नि गेले. त्यांना कॉक कुठाय तेसुद्धा माहीत नाही! आई, ऐकताय ना?

कमळा : ऐकत्येय.

राही : गंजून बसलाय मेला. काका, खोबरेल ओता. अजून. हां, आता बाजूला व्हा.

भागोजी : जपून गो! मोडलास तर टाकी रिकामी होईल, दोन्ही घरं कोरडी!

राही : मिरकरवाड्याच्या बंदरात बाबांबरोबर लाँचची इंजिनं खोललीत मी. याची काय बिशाद! हल... हल रे बाबा... हलला! एक... दोन...

कमळा : नळ खाकरतोय गो!

राही : तीन... चार...

कमळा : थांब, थांब! भिजवलंन मला! चुलीपर्यंत उडतंय! अगो, बादली भरलीसुद्धा!

राही : थांबत नाही! पाच... सहा! पुरता सुटला! आई, आता कपड्यांचं मशीन लावा.

कमळा : ते कसलं लागतंय? आणल्यापासून पाणी पुरत नाही म्हणून लाल दिवा दाखवत बसलंय.

राही : लावा तर खरं.

कमळा : लावलं. पाणी घेतंय... राही! फिरतंय गो! गरागरा फिरतंय!

राही : जिंकलो!

भागोजी : शाब्बास सूनबाई! दादा असता तर नाचला असता!

कमळा : राही, त्या बोअरवाल्याला कळव, गाडी नको म्हणावं. आणि फोन जरा भावजींकडे दे.

भागोजी : बोला, वहिनी.

कमळा : साऱ्या वाडीसमोर चोर म्हटलं मी तुम्हाला. चुकले.

भागोजी : मी तरी कुठे येऊन विचारलं? बसलो तोंड फुगवून. दोन पावसाळे गेले.

कमळा : यंदा शिमग्याला दोन्ही कॉक तुम्हीच आवळा.

भागोजी : आवळीन. आणि सोडायचे कोणी?

कमळा : विहीर भरली की हाक मारा. आमचा मी येऊन सोडीन.