घरी एक जुनं मशीन आहे

मी खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा टायपिंग व झेरॉक्सचे दुकान, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, न्यायालयाच्या मागच्या गल्लीत. आज पतीसह पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती व मुलीसह राहते. पती निवृत्त असून दुकानात मदत करतात, म्हणजे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी वाद घालतात. मुलगा धाकटा, वय ३१, अविवाहित. लहानपणी तो आंघोळीला गेला की तासभर बाहेर यायचा नाही, जेवताना घास गालात धरून बसायचा, म्हणून घरात त्याला गोगलगाय म्हणत. मोठा झाला तरी तेच नाव राहिले. ही तक्रार त्याच्याबाबत आहे.

मुलगा संगणकाचे काम करी. कसले काम, असे हवालदार साहेबांनी विचारले म्हणून सांगते. इंटरनेट ज्यातून उघडते तो ब्राउझर. त्यातला एक असा आहे, की त्याचा सगळा कोड कोणालाही फुकट घेता येतो व बदलताही येतो. माझा मुलगा तो कोड घेई, त्यातले नको ते काढून टाकी आणि संगणकातल्या एकेका प्रोसेसरच्या मापाने बेतून ब्राउझर नव्याने बांधी. तयार सदरा उसवून आपल्या अंगाबरोबर शिवून घ्यावा तसे. मग तोच ब्राउझर जास्त वेगाने चाले. त्यावर तो गोगलगायीचे चित्र लावी व लोकांना फुकट देई. जन्मभर ज्याच्यामागे मी "आवर, आवर" करत धावले, त्याने दुसऱ्यांचा वेग वाढवायचे काम धरावे, याचे मला हसू येई.

एकदा ब्राउझर बांधायला घेतला की त्याच्या संगणकाचा पंखा दिवसभर घरघरे. पती म्हणत, "घरात गिरणी घातलीय, पीठ काही दिसत नाही." चार वर्षांपूर्वी मुलाने पगाराची एक नोकरी नाकारली. त्या दुपारी जेवताना पती त्याला म्हणाले, "किती दिवस या लष्कराच्या भाकऱ्या भाजणार आहेस?" तो भरल्या ताटावरून उठला. ताटात काय काय होते ते मला आठवते, पण त्याचा तपासाशी संबंध नाही. संध्याकाळी तो बॅग घेऊन निघून गेला. जाण्याआधी खाली दुकानात बसून त्याने आमच्या जुन्या संगणकावर आपला ब्राउझर घालून ठेवल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले.

त्यानंतर त्याचा फोन नाही. जुना नंबर लागत नाही. परंतु महिन्या-दीड महिन्याने ब्राउझरची नवीन आवृत्ती येई. पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोगलगायीवर हिरवा ठिपका दिसे. पती मुलाचा विषय काढत नसत. फक्त विचारत, "नवीन आलं का?" मी "आलं" म्हटले की त्या दिवशी ते गिऱ्हाइकांशी भांडत नसत.

आमचे मशीन फार जुने आहे. बाकीच्या ब्राउझरवाल्यांनी तसल्या मशीनना केव्हाच वाऱ्यावर सोडले. मुलगा मात्र दरवेळी अशा मशीनसाठी वेगळी आवृत्ती काढी. असले डबे आता वापरतो कोण, त्यापायी एवढा जीव कशाला काढतोस, असे एकाने त्याला त्याच्या वेबसाइटवर विचारले होते. मुलाने खाली उत्तर लिहिले होते, "घरी एक जुनं मशीन आहे." मुलीने मला ते दाखवले. इतकी वर्षे घराचे तोंड न पाहिलेल्या मुलाने 'घरी' असे लिहिले होते. मला फार बरे वाटले.

गेले तीन महिने ठिपका आला नाही. पती रोज विचारत. मी म्हणे, "गोगलगायच ती, येईल सावकाश." गेल्या सोमवारी ठिपका आला. पतींनी चष्मा पुसून तो स्वतः दाबला. त्यावर, हा ब्राउझर यापुढे या संगणकावर चालणार नाही, अशी सूचना आली. मुलीने वेबसाइट उघडून वाचली. मुलाबरोबर काम करणाऱ्या परगावच्या एका गृहस्थांनी तिथे लिहिले होते, की आधी हे काम पाहणारे मित्र निरोपांना उत्तर देत नाहीत, म्हणून यापुढे हे काम मी पाहीन. जुन्या मशीनची आवृत्ती काढणे मला जमणार नाही.

मुलीने त्या गृहस्थांशी संपर्क केला. त्यांनी मुलाला कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. मुलाचा शेवटचा निरोप मात्र त्यांनी जसाच्या तसा पाठवला. तो असा: "थोडे दिवस घरी जाऊन येतो. बाबांचा राग एव्हाना निवला असेल. परत आलो की पुढची आवृत्ती काढू." या निरोपालाही तीन महिने झाले. मुलगा घरी आलेला नाही.

मुलगा चार वर्षांपूर्वी गेला, मग हरवल्याची तक्रार आता कशी, असे मला विचारण्यात आले. माझे म्हणणे असे, की चार वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला होता, हरवला नव्हता. तो हरवला आहे तो घरी यायला निघाल्यावर. हे असेच लिहावे.

निरोप कळल्यापासून पती रात्री दाराला आतून कडी घालू देत नाहीत. एखाद दिवशी चोर येऊन दुकान साफ करील, असे मी त्यांना बोलले आहे. पण कडी मीही घातलेली नाही.

मुलाचे वर्णन: रंग सावळा, बांधा किरकोळ, उजव्या भुवईत झेरॉक्स मशीनचे झाकण लागल्याची खूण, चाल सावकाश. अंगावरील कपडे सांगता येत नाहीत, कारण निघताना त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. केस हल्ली कसे ठेवतो तेही माहीत नाही.

इथपर्यंत सांगून झाल्यावर ठाण्याच्या संगणकाच्या कोपऱ्यात मला गोगलगाय दिसली. तिच्यावर हिरवा ठिपका होता. हवालदार साहेब म्हणाले, "हे रोज डोकं खातंय, एकदाचं दाबून टाकतो." मी म्हटले, "साहेब, हात जोडते, ते दाबू नका. दाबलंत तर बंद पडेल." ते म्हणाले, "मग नको बाई. हे मशीन माझ्या आधीपासून नोकरीत आहे. यावर एवढं एकच नीट चालतं." हा ब्राउझर कोणाचा, ते मी त्यांना सांगितले. त्यांनी माऊस ठिपक्यापासून दूर सारून ठेवला.

पती बाहेर बाकावर बसून होते. त्यांना आत यायचे नव्हते. सहीसाठी त्यांना बोलावण्यात आले. पेन हातात घेऊन ते पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी विचारले, "नीट चालतंय ना?"

"पळतंय, काका," हवालदार साहेब म्हणाले.

"आमच्या मुलाने केलंय," पती म्हणाले. 'आमचा मुलगा' हे शब्द त्यांच्या तोंडून मी चार वर्षांनी ऐकले. त्यानंतर त्यांना खुर्ची व पाणी देण्यात आले.

माझा हा जबाब मी सांगितला तसा त्याच ब्राउझरमध्ये टाईप झाला, मध्ये कुठेही अडकला नाही. तो आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यातले सर्व खरे व बरोबर आहे. ठिपका दाबलेला नाही.