छत्तीस कोऱ्या चौकटी

हॅलो?… हो, बोल प्रतीक्षा… मीच वं, गीताताई. अकोल्याच्या घरी दुसरं कोण उचलणार फोन?… ओमदादा आंघोळीले गेला.

काय सापडलं?… प्रोजेक्टर? माळ्यावर?… अन् बल्ब लागते त्याचा?… लागते. बरं.

नाई नाई, आनंदच झाला… आवाजाले काय होईन? ऊन लय आहे इथं… हो, रविवारीच म्हणला तो. पण मी काय म्हणते, या रविवारी नको येऊ अमरावतीहून… पुढच्या?… पुढच्याही नको… अवं, ऐक ना…

थांब. दार लोटून घेते… हं.

फिल्म कोरी निघाली, प्रतीक्षा.

कोरी म्हणजे कोरी! काचेसारखी. छत्तीसच्या छत्तीस. धरली त आरपार खिडकी दिसते… माहीत आहे मले. बुधवारी तुले म्हणलं होतं, मस्त निघाल्या स्लाइडा. खोटं म्हणलं… ओरडू नको. पयले ऐकून त घे.

त्यानंच म्हणलं ना, घरीच धुवू. शाळेत मास्तर होता तवा पोरायले दाखवाच्या स्लाइडा घरीच त धुवायचा… मुंबईहून औषधं मागवली. तीन बाटल्या. पयली, मंग रंगाची, मंग शेवटची. त्याच क्रमानं टाका लागते. अन् पाणी अडतीस डिग्री. अकोल्यात नळालेच चाळीसच्या वर येते! बादलीत बर्फ टाकून टाकून हात बधिर झाले माझे.

हो, फिल्म चक्रीवर त्यानंच गुंडाळली. बाथरूमच्या दाराच्या फटीत चादर कोंबली, घुप्प अंधार. मले काहीच सुचेना, अन् त्यानं एका मिनटात! म्हणे, अंधारात तू आंधळी, मी नाई. हासला बी… लय दिवसानं हासला.

रडू नको वं. तू रडली त मी काय करू?

बाटल्यायवर नंबर मी लिहिले होते, पेनानं. त्या बर्फाच्या पाण्यात शाई गेली. तो म्हणे, पयली दे. मी पाहतच राहिली… एक उचलली. तो म्हणे, नक्की पयलीच ना? मी म्हणलं, हो दादा.

शेवटची होती ती… हो. ती आधी पडली की फिल्मवरचं सारं धुऊन जाते. मागून मोबाइलवर वाचलं मी… वासावरून? एरवी कळलं असतं त्याले. सर्दीनं नाक बंद होतं.

सांगितलं काहून नाई?… अवं, त्यानं ओली फिल्म माझ्या हातात दिली अन् म्हणे, सांग, काय काय आलं. मान वाकडी करून उभा. डॉक्टरनं नजर जाईन म्हणून सांगितलं तवापासून होळीपर्यंत, जे जे पाहून ठेवायचं होतं त्याचे फोटो काढत फिरला होता ना तो… मी म्हणलं, कौंडण्यपूरची नदी आली. म्हणलं, पातूरच्या रस्त्याचे पळस आले, लालेलाल… हो, तुझाही सांगितला. पिवळ्या साडीतला.

मले वाटलं, आता त्याले कुठं दिसते? ऐकून खुश राहीन. अन् संध्याकाळी म्हणते काय, प्रतीक्षाले प्रोजेक्टर आणाले सांग. भिंतीवर मोठं पाडू. मी भिंतीपाशी उभा राहीन, रंग तरी कळतीन… कळते ना! भडक रंग अजून कळते त्याले. माझ्या डोक्यातच नाई आलं हे.

काय?… बल्ब उडाला म्हणून सांगू? अन् मंग? दुसरा मागवीन तो… दुसऱ्या कोणाच्या स्लाइडा लावू? नाई प्रतीक्षा. हे एकच निस्तरता नाई येऊन राहिलं मले.

बाथरूमची कडी वाजली. आला वाटते… नको, ठेवू नको! तू राह्य लाइनवर. एकटीनं नाई होत मले.

दादा… इकडं बस. प्रतीक्षा आहे फोनवर… हो, प्रोजेक्टर सापडला. दादा, ऐक. फिल्म कोरी आहे… सारी. मी बाटली चुकवली. नंबर पुसले होते, तुले सांगितलं नाई. अन् ती नदी, ते पळस… काहीच नव्हतं दादा. मी मनानंच सांगितलं.

दादा?…

हॅलो… हो, आहे मी. बसला आहे. ओला टॉवेल हातात… थांब.

…

दादा म्हणे, फिल्म गेली त गेली, माझ्याही हातून बिघडल्या आहेत पयले… नाई, चिडून नाई. हळूच बोलला. म्हणे, पण गीता, रस्त्यावर गाडी येऊन राहिली का, ताटात काय वाढलं, कागदावर काय लिहिलं, सारं मले तुलेच विचारा लागते. उद्या तू हो म्हणशीन, त मी खरं काहून मानू?

थांब, प्रतीक्षा.

उठला तो… कुठं, दादा?… चपला शोधून राहिला. बाहेर ऊन आहे, थांब, मी येते संगं… नको म्हणते. भिंत धरून चालला… दादा, पायरी! पुढं पायरी आहे!

…

थांबला… नाई, पडला नाई. मी म्हणलं पायरी आहे, अन् तो पायानं चाचपून पाहून राहिला, प्रतीक्षा. आहे का नाई ते.

ठेवते मी.