यमुनानंतर शेवंता

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौसरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर प्राथमिक शाळेच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारीतली एक बाई त्यांच्यापाशी येऊन थांबली.

"नमस्कार बाई. मी शेवंताची माय. दुसरीतल्या."

"बसा ना. मी तुमच्या घरी येणारच होते. शेवंता हजेरीला बोलतच नाही. उभी केली, परवा छडीही मारली. तरी गप्पच."

"यमुना गेल्यापासून तशीच आहे, बाई."

"पोळ्याच्या सुट्टीत गेली ना, तापानं. हजेरीतून नाव मीच कापलं. पण दोन महिने झाले. मला वाटलं, आता हट्ट करून राहिली."

"जुळ्या होत्या न त्या. हजेरीत पयले यमुना बोले, मंग शेवंता. आता म्हणते, यमी बोलल्याबिगर मी कशी बोलू?"

"तुम्हाला कधी म्हणाली?"

"छडी खाऊन आली, त्या रात्री."

"उद्या पाठवा तिला. मी जवळ घेऊन बसवीन. यमुनाचंही नाव घेईन."

"तिले सौसरच्या पुढं, रामाकोन्याले मामाकडे ठेवलं, बाई. तिथल्या शाळेत घालून राहिलो. आता दाखला घेऊन तिकडंच चालली मी."

बाई कपाळ धरून बसल्या. सौसरची गाडी लागली.

"मी येऊ तुमच्यासोबत? तिची माफी मागायची आहे."

"या न. पण ते तुमच्याशी बोलन का नाही, मले सांगता येत नाही."

"नाही बोलली तर तिच्यापाशी बसून राहीन."

"चला मंग. खिडकीपाशी बसा, तुम्हाले बरं वाटून नाही राहिलं."