आबांच्या डब्यातली सुपारी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही पानं कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्यात. यात माझं काही नाही, सांगणं आमच्या ह्यांचं आहे. दुपारी जेवण झालं की ते ओटीवर बसून बोलतात आणि मी लिहून घेते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदापुढे तेवढी भीड वाटत नाही. ते बोलले तसंच ठेवलं आहे.

तर लिही गं. माझा जन्म चौक गावाच्या अलीकडं आमच्या वाडीतला, आता तिला बौद्धवाडी म्हणतात, तेव्हा काय म्हणायचे ते तुला ठाऊक हाय. नाव दगडू, बापाचं नाव लक्षुमण, आमी त्याला आबा म्हणायचो. आबा सनई वाजवायचा. आपल्याकडं खालूबाजा म्हणतात बघ, एक सनई, एक ढोल, एक टिमकी, गावात कुणाचंबी लगीन असू दे, पुढं आमचा बाजा आणि मागं वरात. मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं. आतली पहिली पंगत उठली, मग दुसरी उठली, मग तिसरी, की मग आमची पानं, तीबी गोठ्याच्या बाजूला. टिमकी माझ्याकडं होती, पण हात टिमकीवर आणि डोळा पंगतीवर, बुंदी उरते का नाय उरत. पोटात गोळा यायचा. तो गोळा पुढं जन्मभर राहिला बघ, खायला मिळालं तरी राहिला.

आता सुपारीचं सांगतो. लगीन ठरलं की यजमान वाजंत्र्याच्या हातावर एक सुपारी आणि इसाराचे पैसे ठेवतो. ठेवले की बोली पक्की, मग ताप येऊ दे नायतर घरात मयत होऊ दे, वाजवायला जायचंच. आणि ती मोडायची एकच वाट, ज्यानं दिली त्यानं सुपारी आणि पैसे आपल्या हातानं परत घ्यायचे. त्यानं नाय घेतले तर सुपारी उभी राहते. बाप मेला तर लेकाच्या माथ्यावर येते.

छप्पन सालचा दसरा झाला आणि गावच्या पाटलानं आपल्या लेकीच्या लग्नाची सुपारी आबाच्या हातावर ठेवली, पंधरा रुपये इसार. आबानं त्या पैशाचं गवत आणून घरावर घातलं. आणि मग दीक्षेचं वारं आलं, आमच्या सगळ्या वाडीनं धम्म घेतला, बायकांनी पांढरी लुगडी नेसली, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की मेलेलं जनावर ओढायचं नाय आणि दुसऱ्याच्या दारात बाजा वाजवायचा नाय. कुणी ढोल फोडला, कुणी टिमकी चुलीत घातली. आबानं सनई पाताळगंगेत सोडली. लाकडाची ती, बुडते कशाला, काठाकाठानं तरंगत चालली, आणि आबा काठाकाठानं तिच्यासंगं चालत राहिला, शेवटी आयनं हाक मारली, अहो बस करा, घरी चला.

घरी आल्यावर आबाला सुपारीची आठवण झाली. खोपोलीच्या रस्त्यावर खडी फोडून त्यानं पंधरा रुपये उभे केले, दहाची एक आणि पाचची एक नोट, आणि सुपारीसकट पाटलाच्या ओट्यापाशी गेला. पाटील म्हणाला, पैसे कशाला रं लक्ष्या, मला बाजा पायजे. आबा म्हणाला, आता आमी वाजवत नाय. पाटील हसला. म्हणाला, आज नाय तर उद्या वाजवशील, नाय तर तुझा पोरगा वाजवील, माझी सुपारी तुझ्याकडं हाय, ती मुरू दे. आबानं पैसे ओट्यावर ठेवले आणि निघून आला, तर पाटलाच्या गड्यानं ते माघारी आणून आमच्या उंबऱ्यावर टाकले. लेकीच्या लग्नाला पाटलानं पनवेलहून बँड आणला, पण आमची सुपारी काय मोडली नाय.

आबानं ती सुपारी आणि त्या दोन नोटा पत्र्याच्या डब्यात घालून आढ्याला ठेवल्या. घरात काय काय दिवस आले, आय आजारी पडली, पण त्या डब्याला कुणी हात लावला नाय. लगीनसराई आली की आबा गावातनं जायचा नाय, शेताच्या बांधाबांधानं चौकला जायचा. कारण पाटील दिसला की हटकायचाच, काय लक्ष्या, सुपारी वाळली का जिती हाय?

आता माझं ऐक. मी मोठा झालो आणि कर्जतला रेल्वेत खलाशी लागलो. घाट चढायला गाडीला मागनं इंजिन लावतात, तिथं माझं काम. तिथं एक गार्ड होता, फर्नांडिस साहेब, गोव्याचा. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या पायरीवर बसून गिटार वाजवायचा. मी लांब उभा राहून ऐकायचो. एक दिवस म्हणाला, ए, तिथं काय उभा राहतोस, इकडं ये, बस. बस म्हणाला गं मला, पायरीवर, त्याच्या शेजारी. वाद्याजवळ बसायचं असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, आमी उभ्यानं वाजवणारी माणसं.

त्यानं मला गिटारवर जॅझ शिकवलं. जॅझ म्हणजे काय ते तू मला लगीन झाल्यावर विचारलं होतंस, तेव्हा सांगता आलं नाय, आता सांगतो. सगळे मिळून एक चाल धरतात, मग एकेकाला सोडून देतात, जा रं बाबा, तुला कुठं जायचं तिथं जाऊन ये, आमी हितं ठेका धरून बसलोय. आणि तो रानोमाळ हिंडून बरोबर ठेक्यावर परत येतो. मला त्या जाण्याची लई भीती वाटायची. फर्नांडिस म्हणायचा, दगडू, तू घराच्या लांब जातच नाहीस, अंगणातच फिरतोस. मला वाटायचं लांब गेलो आणि वाट चुकली तर परत घेतील का नाय.

साहेब रिटायर होऊन गोव्याला जाताना गिटार मला देऊन गेला आणि मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडवाल्याला चिठ्ठी दिली. मी नोकरी सोडली. बँडवाल्याला दगडू म्हणता येईना, तो मला डग म्हणायला लागला. काळा कोट, गळ्याला बो, आणि मी ड्रमच्या शेजारी गिटार घेऊन. जात कुणी विचारली नाय, खरं सांगतो. पण मला सारखं वाटायचं आता विचारतील, दार उघडलं की वाटायचं आपल्या गावचा कुणीतरी आत येतोय.

पहिल्या पगाराचे पैसे घेऊन वाडीत आलो. आबाच्या पुढं ठेवले. आबानं हात लावला नाय. म्हणाला, काय करतोस तिथं? म्हटलं, गिटार वाजवतो. लोक काय करतात? म्हटलं, जेवतात, नाचतात. आबा म्हणाला, आणि तुझं जेवण कधी रं?

काय सांगू तुला. मी म्हटलं, त्यांचं झाल्यावर. कुठं? म्हटलं, आत, किचनच्या बाजूला.

आबानं पैसे माझ्याकडं सरकवले. ओरडला नाय गं, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मी सनई नदीत सोडली, ती तुला मुंबईत घावली व्हय? पाटलाला कळलं तर तो म्हणंल लक्ष्याच्या घरात अजून बाजा हाय, मग सुपारी का मोडायची.

आणि कळलंच. आमच्या गावचा एकजण हॉटेलात भाजी पोचवायला यायचा, त्यानं सांगितलं. पाटलानं आबाला बाजारात गाठून चार माणसांत म्हटलं, तुझं पोरगं साहेबाच्या दारात वाजवतंय म्हणं लक्ष्या, सुपारी मुरली म्हणायची! लोक हसले. आबा पुढं दोन वर्षं चौकच्या बाजाराला गेला नाय, मीठमिरची आय आणायची.

तू घरात आलीस ती याच सुमाराला. डबा बघून तू आयला विचारलंस यात काय हाय, आणि आय म्हणाली, आमच्या घराची साडेसाती हाय, हलवू नको.

मग हॉटेलांचे दिवस फिरले. टेप लावून लोक नाचायला लागले, आठ माणसांचा बँड कोण पोसणार. आधी ट्रंपेटवाला गेला, मग पियानोवाला. रोज वाटायचं आज आपला नंबर. एका शनिवारी दुपारच्या कार्यक्रमाला गाणारी बाई आलीच नाय. बँडवाला म्हणाला, डग, तू गा. म्हटलं, मला येत नाय. म्हणाला, गा, नायतर सोमवारपासनं घरी जा. इंग्रजी गाणं मधेच विसरलो आणि काय सुचलं देव जाणे, देव नाय मानत मी, पण तोंडात आलं, ठाकुरवाडी ठाकुरवाडी, थांब थांब गं घाटाची गाडी. ठाकुरवाडी म्हणजे घाटातलं ठेसन, खलाशी असताना आमी पोरं इंजिनावर असंच काय काय बोलायचो. ठेका तोच जॅझचा. समोरची कॉलेजची पोरं टेबलं वाजवायला लागली. तेच गाणं चार वेळा गायला लावलं.

पुढं त्याची तबकडी निघाली, रेडिओवर लागायला लागली. चौकच्या चहाच्या टपरीवर ते लागलं आणि टपरीवाला ओरडला, अहो लक्षुमणबाबा, तुमचा दगडू गातोय! आबानं चहा थंड होऊ दिला म्हणे.

मी घरी गेलो तेव्हा आबा म्हणाला, गाणं चांगलं हाय. गळा आपला असतो, जलशात आपली माणसं गातातच की. पण गाताना हातात काय असतं? म्हटलं, गिटार. म्हणाला, ती सुपारी उभी हाय तोवर हात रिकामे ठेव रं. मी हाय तोवर तरी.

मी गिटार तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि खाटेखाली सरकवली. तू लुगडं देताना रडत होतीस, मी बघितलं होतं. ऑर्केस्ट्रा काढला, गावोगाव गायला लागलो, आणि हात कुठं ठेवायचे तेच कळेना. म्हणून दोन्ही हातांनी माईक गच्च धरायचो. पोरांना वाटलं ही स्टाइल हाय, खोपोलीला गणपतीत पोरं तसाच दोन्ही हातांनी बांबू धरून माझी नक्कल करायची. मागं गिटार वाजवणारा पोरगा एका जागी नेमका चुकायचा आणि माझी बोटं माईकवर बरोबर जागा दाबायची. लोक टाळ्या वाजवायचे. आणि मला धाकधूक एकच, आबा आता थकलाय, तो त्या सुपारीसकट गेला तर?

आणि मग एका उन्हाळ्यात दुपारची जीप आली. तूच आधी बघितलीस. पाटलाचा नातू, कॉलेज शिकलेला, पायात बूट. अंगणात उभा राहून म्हणाला, काका, माझं लगीन हाय, माझ्या मित्रांना तुमचंच गाणं पायजे, आणि पाकीट काढलं, वर एक सुपारी ठेवली.

माझा हात पुढं होईना. आबा आत खाटेवर, त्यानं ऐकलं. मी म्हटलं, तुमच्या आजोबांची एक सुपारी आमच्याकडं उभी हाय. ती मोडल्याशिवाय या घरात दुसरी घेत नाय. पोराला काय ठाऊकच नव्हतं. म्हणाला, कसली सुपारी, किती पैसे, सोडून द्या ना काका. आबा आतनं म्हणाला, सोडायचं नाय, परत घ्यायचं. आजोबाला आण.

पोरगा गेला. तू म्हणालीस, येणार नायत ते, पाटील कधी वाडीत आलाय? मलाबी तेच वाटत होतं. आबानं धुतलेला सदरा मागितला, आढ्यावरनं डबा काढायला लावला आणि अंगणात उन्हात उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. वाडीतली माणसं जमली.

जीप आली. म्हातारा पाटील पुढं बसलेला, खाली काय उतरला नाय. नातू त्याच्या कानाशी, आजोबा, घेऊन टाका ना, माझ्या लग्नाचा खोळंबा नका करू.

त्या लग्नात मी गायलो का, ते लिहू म्हणतेस? लिही. गायलो, गिटार गळ्यात घालून गायलो, आणि आधी पहिल्या पंगतीला जेवलो. पण ते पुढचं. आधीचं लिही.

आबा जीपजवळ गेला, डबा उघडला. सुपारी काळी पडलेली, हलली की डब्यात खडखडायची. पाटील म्हणाला, पंधरा रुपयांत आज काय येतं रं लक्ष्या? आबा म्हणाला, काय येत नाय, तरी घ्या. पाटील म्हणाला, मी घेतली तर तुझा पोरगा गाईल ना? आबा म्हणाला, ते त्याला विचारा, तो त्याच्या मनाचा मालक हाय. याला अट नाय. घ्या.

मला वाटलं पाटील आता जीप चालू कर म्हणतो. मग त्यानं हात बाहेर काढला, हात म्हातारा, आबासारखाच. आबानं त्याच्यावर आधी सुपारी ठेवली, मग दहाची नोट, मग पाचची. पाटलानं मूठ मिटली.

आबा म्हणाला, बरोबर हायत का?

बरोबर हायत.

आता माझ्याकडं तुमचं काय निघतं?

पाटील म्हणाला, काय नाय.

आबा म्हणाला, जरा मोठ्यानं बोला, वाडी ऐकतेय.

काय नाय निघत लक्ष्या, फिटले तुझे, सगळे फिटले.